छातीतली गुरगुर

उचकी लागली की कोणीतरी आठवण काढली, असे आपल्याकडे म्हणतात. घरातली वडीलधारी माणसे मग एकेका नातेवाइकाचे नाव घेऊन पाहतात आणि ज्या नावाशी उचकी थांबेल, त्याच्या खाती ती आठवण जमा होते. वैद्यकशास्त्राच्या हिशेबी उचकी म्हणजे श्वासपटल नावाच्या स्नायूला आलेला आचका. उभ्या आयुष्यात या स्नायूची जाणीव आपल्याला होते ती बहुधा एवढ्यापुरतीच. एरवी दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास वेळा तो खाली-वर होत असतो आणि त्याच्या असण्याचा आपल्याला पत्ताही नसतो.

छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटाच्या आकाराचा हा पातळ, पसरट स्नायू ताणून बसवलेला असतो. त्याच्या वर हृदय आणि फुप्फुसे; खाली जठर, यकृत, प्लीहा आणि आतडी. आपण श्वास घेतो तेव्हा तो खाली सरकतो, छातीतली पोकळी वाढते आणि हवा आत येते. श्वासाचे हे काम करता करता तो आणखी एक काम करीत असतो. पोटातले अवयव तो पोटातच ठेवतो. या पडद्यात जन्मतःच फट राहिली, तर खालचे अवयव त्या वाटेने छातीत शिरू शकतात. यालाच जन्मजात श्वासपटलाचा हर्निया म्हणतात.

माढ्यात दवाखाना चालवताना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे निदान मी हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा कागदावर लिहिले आहे. मग ज्येष्ठांसाठी आणि घरच्या माणसांची काळजी वाहणाऱ्यांसाठी निघणाऱ्या या पाक्षिकात इतक्या विरळ व्याधीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या तालुक्यातल्या घरांत आहे. आईबाप उसाच्या तोडीवर, कारखान्यावर किंवा पुण्याला नोकरीत, आणि लेकरू आजी-आजोबांपाशी, हे चित्र इथे नवे नाही. अशा घरांत मुलाला न्हाऊ-माखू घालणारे, भरवणारे आणि रात्री कुशीत घेणारे हात म्हाताऱ्या माणसांचे असतात. या व्याधीच्या उशिरा होणाऱ्या निदानात त्या हातांनी टिपलेली खूण फार मोलाची ठरू शकते.

प्रथम ही फट राहते कशी ते पाहू. गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत श्वासपटलाचे वेगवेगळे भाग चहूबाजूंनी वाढत येऊन एकमेकांना जुळतात. मागच्या बाजूची वाट सर्वांत शेवटी बंद होते. डावीकडची तर उजवीपेक्षाही उशिरा. ती बंद झाली नाही तर तिथे भोक राहते. प्रागचे शरीररचनातज्ज्ञ व्हिन्सेंट बोखडालेक यांनी १८४८ मध्ये या जागेचे वर्णन केले, म्हणून या प्रकाराला त्यांचे नाव मिळाले. पुढच्या बाजूस, छातीच्या मधल्या हाडामागे राहणारी फट बरीच विरळ. तिला अठराव्या शतकातील इटालियन वैद्य मॉर्गान्यी यांचे नाव आहे. साधारणपणे तीन हजार जन्मांमागे एखाद्या बाळात हा दोष आढळतो आणि दहांपैकी आठ वेळा तो डाव्या बाजूला असतो. उजवीकडे यकृताचा भक्कम आधार असतो.

बहुतेक बाळांत हा दोष जन्मतःच उघडा पडतो. गर्भावस्थेतच आतडी छातीत जाऊन बसल्यामुळे फुप्फुसाला वाढायला जागा मिळालेली नसते. बाळ जन्मताच निळे पडते, त्याला धाप लागते, पोट खपाटीला गेलेले दिसते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कित्येकदा हा दोष आधी कळतो आणि मग प्रसूती मोठ्या रुग्णालयात करण्याची तजवीज होते. १९४६ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मून चोवीस तासही न झालेल्या बाळावर केलेली यशस्वी शस्त्रक्रिया जगापुढे मांडली, तेव्हापासून या बाळांवरील उपचारांत पुष्कळ प्रगती झाली. तरीही फुप्फुसाची वाढच खुंटलेली असेल, तर प्रगत केंद्रांतसुद्धा सगळी बाळे वाचत नाहीत.

मी लिहिते आहे ती मुले मात्र वेगळी. त्यांच्यात फट असते, परंतु जन्माच्या वेळी ती प्लीहेने किंवा यकृताने बुजवलेली असते, किंवा अवयव अजून वर सरकलेले नसतात. अशी मुले जन्मतः धडधाकट दिसतात, दूध पितात, पालथी पडतात, चालू लागतात. मग कधीतरी जोराचा खोकला, उलट्या, पडणे-झडणे अशा एखाद्या निमित्ताने पोटातला दाब वाढतो आणि आतड्याचा वेटोळा त्या वाटेने वर जातो. कधी तो परत खाली येतो, कधी तिथेच राहतो. म्हणून लक्षणेही येतात आणि जातात. महिन्याच्या आतल्या बाळात न कळता पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी कळलेल्या अशा रुग्णांना उशिरा निदान झालेले रुग्ण म्हणतात. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण वेगवेगळ्या नोंदींनुसार पाच टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत सांगितले जाते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्यातील एका वस्तीवरची आजी साडेतीन वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आली. सोबत मुलाची आई होती. वडील ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होते. मुलाचे वजन साडेदहा किलो, म्हणजे त्या वयाच्या मानाने तीन-चार किलोंनी कमी. वर्षाचा झाल्यापासून पाच वेळा त्याला न्यूमोनिया झाल्याचे सांगितले गेले होते. प्रत्येक वेळी दवाखाना निराळा, गाव निराळे. कुठे इंजेक्शने, कुठे वाफेचे औषध. एका ठिकाणी बाळदमा म्हटले होते, दुसऱ्या ठिकाणी क्षयाची शंका घेतली होती. चार दिवसांपूर्वी पुन्हा धाप लागली, तेव्हा एका ठिकाणी छातीचा एक्सरे काढला गेला. डाव्या बाजूला पाणी आणि हवा साचली आहे, नळी घालून ती काढावी लागेल, असे सांगण्यात आले. नळीच्या नावाने घरचे घाबरले आणि आणखी एकदा विचारावे म्हणून माझ्याकडे आले.

मी एक्सरे हातात घेतला, तेवढ्यात आजी म्हणाली, “डॉक्टरीणबाई, एक सांगू का? जेवलं की ह्यो डाव्या कुशीलाच निजतोय. उजव्या कुशीला केलं की उठून बसतोय. आन् तेल लावताना डाव्या छातीला कान लावला, तर प्वाट गुरगुरल्यावानी आवाज येतोय. म्या समद्यांस्नी सांगितलं, कुनी मनावर घेतलं न्हाई.”

मी मुलाच्या छातीवर नळी ठेवली. डाव्या बाजूला श्वासाचा आवाज क्षीण होता. हृदयाचे ठोके नेहमीच्या जागेपेक्षा उजवीकडे सरकलेले ऐकू येत होते. आणि डाव्या बरगड्यांच्या खालच्या भागात, जिथे केवळ श्वास ऐकू यावा, तिथे खरोखरच आतड्यांची गुरगुर होती. आजीने काही महिने आधी जे ऐकले होते, तेच मी ऐकत होते. एक्सरेतल्या हवेच्या गोल कड्या मग निराळ्या दिसू लागल्या. त्या फुप्फुसातल्या नसून आतड्यातल्या असाव्यात, अशी दाट शंका आली.

इथे एक गोष्ट वाचकांनी समजून घ्यावी, कारण सगळा धोका तिच्यात आहे. छातीत शिरलेले जठर हवेने फुगले की एक्सरेत ते फुप्फुसाबाहेर साचलेल्या हवेसारखे दिसते. त्यात हवा आणि द्रव दोन्ही असले, तर छातीत पू झाल्यासारखे दिसते. आतड्याचे वेटोळे असले, तर काही न्यूमोनियांनंतर फुप्फुसात उरणाऱ्या फुग्यांसारखे. हे साधर्म्य इतके असते की जाणत्या डोळ्यांनाही चकवा बसतो. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत असे रुग्ण आजही नोंदवले जातात. अशा वेळी पाणी किंवा हवा काढण्यासाठी छातीत सुई वा नळी घातली, तर ती थेट जठरात किंवा आतड्यात शिरू शकते. त्यावरचा तोडगा मात्र साधा आहे. नाकावाटे जठरात एक बारीक नळी सोडायची आणि पुन्हा एक्सरे काढायचा. नळीचे टोक छातीत दिसले, तर जठर छातीत आहे हे उघड होते. शंका उरलीच तर पोटातून पांढरे औषध देऊन काढलेला एक्सरे किंवा सीटी स्कॅन ती दूर करतो.

मी तशी चिठ्ठी लिहून त्यांना त्याच दिवशी सोलापूरला बालशल्यचिकित्सकांकडे पाठवले. नळी घातलेल्या एक्सरेत तिचे टोक डाव्या छातीत वळलेले स्पष्ट दिसले. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. पोटाकडून छेद घेऊन जठर, आतड्याचा काही भाग आणि प्लीहा खाली आणली गेली आणि दोन बोटे जातील एवढी फट न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवली गेली. फट फार मोठी असेल तर जाळीचे ठिगळ लावावे लागते. या मुलाला त्याची गरज पडली नाही. आठव्या दिवशी तो घरी आला. वर्षभरात त्याचे वजन चार किलोंनी वाढले.

उशिरा निदान झालेल्या मुलांबाबत दिलासा देणारी बाब हीच. त्यांच्या फुप्फुसांची वाढ गर्भात सहसा खुंटलेली नसते, म्हणून वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास जवळजवळ सगळी मुले बरी होतात आणि पुढे इतर मुलांसारखी खेळतात-धावतात. घात होतो तो आतड्याला किंवा जठराला त्या फटीत पीळ बसून त्याचा रक्तपुरवठा तुटला तर. तेव्हा काही तासांचाच अवधी हाती असतो.

या मुलाच्या घरात मात्र शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असे काहीतरी चालले होते. रुग्णालयातून परत आल्यावर आई एकटीच मला भेटायला आली. पोटुशी असताना ग्रहणात तिने भाजी चिरली होती, असे नात्यातल्या एका बाईने सर्वांदेखत म्हटले होते. तेव्हापासून घरात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हते. दुसरीकडे आजीच्या मनाला निराळीच टोचणी. नातू दीड वर्षाचा असताना तिचा डोळा लागला आणि तो ओट्यावरून पडला, त्यानेच हे झाले असे तिने धरले होते.

मी दोघींना एकत्र बसवले आणि कागदावर तो घुमट काढून दाखवला. पडदा जुळतो तो गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. दिवस गेल्याची खात्री होते न होते, तोवर हे काम उरकत आलेले असते. ग्रहणाशी, विळीशी, खाण्या-पिण्याशी त्याचा संबंध नाही. काही मुलांत गुणसूत्रांचे किंवा हृदयाचे दोष सोबत असतात, परंतु पुष्कळांत कोणतेही कारण सापडत नाही. पडण्याने आतडे वर सरकायला कदाचित निमित्त मिळाले असेल, पण फट आधीच होती. ते निमित्त खोकल्यानेही मिळाले असते. आजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग सुनेकडे वळून एवढेच म्हणाली, “ऊठ, च्या टाकायचा हाय घरी जाऊन.” त्या घरात कित्येक दिवसांत तिच्याशी बोललेले ते पहिले साधे वाक्य होते, असे आईने मला नंतर सांगितले.

आजीचा एक प्रश्न मात्र राहिला होता. वर्षाचा असताना काढलेला एक्सरे स्वच्छ होता, मग तेव्हा का दिसले नाही? त्या वेळी आतडी खालीच होती. फट प्लीहेने झाकलेली असणार. पूर्वीची स्वच्छ फिल्म ही त्या दिवसापुरती खरी असते. म्हणूनच जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवून पाहण्याला महत्त्व आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे घडत नाही. दवाखाना बदलला की कागद मागे राहतात. प्रत्येक डॉक्टरपुढे मूल नव्यानेच आजारी पडलेले असते. पाच न्यूमोनिया पाच ठिकाणी झाले, तर एकाच बाजूला वारंवार होणारा त्रास असा तो कोणाच्याच नजरेस येत नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझे काही सांगणे आहे. नातवंडाची एक पिशवी करा. तिच्यात लसीकरणाचे कार्ड, चिठ्ठ्या, एक्सरे, रक्ताचे कागद सगळे ठेवा आणि दवाखाना कोणताही असो, ती पिशवी सोबत न्या. एका वहीत दुखण्याची तारीख आणि दर महिन्याचे वजन लिहा. लिहिता येत नसेल तर अंगणवाडीताईंकडून किंवा शाळकरी नातीकडून लिहवून घ्या. मुलाला वर्षाच्या आत दोनदा किंवा अधिक वेळा न्यूमोनिया झाला, छातीचा त्रास दर वेळी एकाच बाजूला निघाला, जेवणानंतर धाप किंवा उलटी होऊ लागली, पोटदुखी येऊन-जाऊन राहिली, वजन वाढेना, किंवा छातीत पोटासारखी गुरगुर ऐकू आली, तर हे सगळे एकत्र डॉक्टरांना सांगा. डाव्या बाजूच्या दोषात पोटाची लक्षणे ठळक असू शकतात आणि उजव्या बाजूच्या दोषात श्वासाची. एरवी वारंवार खोकल्याची बहुसंख्य मुले साध्या कारणांनी आजारी असतात, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु या खुणा जुळत असतील, तर “छातीत आतडे शिरलेले नाही ना?” हा प्रश्न विचारण्यात कसलाही संकोच नको.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत. हिरवी उलटी, फुगून ताठ झालेले पोट, ओठ वा नखे निळी पडणे, एकाएकी वाढलेली धाप. स्वस्थ असताना श्वास मोजून पाहावा: दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. अशा वेळी मुलाला खायला-प्यायला देऊ नका, पोट चोळू नका, एरंडेल पाजू नका. ज्या स्थितीत त्याला बरे वाटते त्याच स्थितीत धरा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. आमच्या भागात अजूनही कोठे कोठे ‘डबा’ झाला म्हणून पोटावर बिब्ब्याचा डाग देतात आणि नाकात तेल सोडतात. डागाने जखम होते. नाकातले तेल फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. आणि दोन्हींत मोलाचे तास निघून जातात.

खर्चाच्या भीतीनेही पुष्कळ घरे थबकतात. गरजू कुटुंबांच्या शस्त्रक्रियांसाठी राज्य शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. लहान मुलांच्या शस्त्रक्रियांचाही तिच्यात समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून चौकशी करावी. त्याशिवाय २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून देशभरासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि शक्य असेल तर स्वतः सोबत जाऊन तुमचे निरीक्षण त्यांच्या कानावर घाला.

शस्त्रक्रियेनंतरही काही वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते. क्वचित फट पुन्हा उघडते, क्वचित पोटातल्या चिकटाव्यांमुळे आतड्याला अडथळा येतो. म्हणून अशा मुलाच्या उलटीकडे आणि पोटदुखीकडे दुर्लक्ष करू नये, आणि नव्या डॉक्टरांना टाक्यांची खूण दाखवून तिचा इतिहास सांगावा.

ज्येष्ठ वाचकांपैकी काहींच्या दुर्बिणीच्या तपासणीत हायटस हर्निया असे शब्द आले असतील. लेख वाचून त्यांनी काळजीत पडू नये. तो प्रकार निराळा. अन्ननलिका श्वासपटलातून ज्या छिद्रातून खाली येते, ते वयानुसार सैल होते आणि जठराचा थोडा भाग वर सरकतो. त्याने बहुधा छातीत जळजळ होते आणि रात्री लवकर व हलके जेवण, उशाकडची बाजू उंच करणे, औषधे यांनी बहुतेकांना आराम पडतो. छातीत एकाएकी तीव्र वेदना, जेवणानंतर सतत उलट्या किंवा गिळताना अडकणे असे झाले, तर मात्र लगेच दाखवावे.

ग्रामीण भागात काम करताना यंत्रांची उणीव नेहमीच जाणवते. सीटी स्कॅनसाठी दूर जावे लागते, बालशल्यचिकित्सक तालुक्याला नसतो. परंतु दिवसातून चार वेळा मुलाला भरवणारे आणि त्याच्या उशाशी झोपणारे माणूस घरात असते. त्याला जे दिसते ते दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरला दिसेलच असे नाही. तेव्हा आपल्याला काही कळत नाही, असे म्हणून दवाखान्यात मागे उभे राहू नका. तुमचे ऐकून घेतले गेले नाही, तर पुन्हा सांगा. पिशवीतले कागद पुढे करून सांगा. काय ऐकले, केव्हा ऐकले, कोणत्या कुशीला ऐकले, एवढे नेमके सांगितले की पुढचे शोधणे आमचे काम.